एक जोडी, दोन काठ्या

पौषाच्या अमावास्येच्या उधाणाला आमच्या खारीचा, म्हणजे खाडीकाठच्या भातशेताचा, बांध फुटला. बत्तीस सालची गोष्ट. कुणी ओरडलं नाही, मोठा आवाजही झाला नाही. सकाळी उठून बघतो तर खाडी शेतात आलेली आणि भाताच्या खुंटांमधून मासे फिरत होते. खारं पाणी शेतात राहिलं की दोन पावसाळे भात होत नाही. खांड, म्हणजे बांधाला पडलेली फूट, उन्हाळ्याच्या आत बुजवायलाच हवी होती.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीत दोन कोस आत. बांध जोळाचा. जोळ म्हणजे बांधाच्या आत शेत असलेल्या बावीस घरांची गाठ. खांड पडली की जोळाचा म्होरक्या सहा हातांची मोजकाठी घेऊन येतो आणि दर घराला एक काठी बांध वाटून देतो. म्होरक्या तेव्हा धर्माजी होता. दर घराची जोडी उभी राहावी लागते. पुरुषानं चिखल खणायचा, बाईनं तो डोक्यावरून वाहून खांडीत टाकायचा. मजूर चालत नाही. पाणी चढलं की मजूर पळतो, ज्याचं शेत आत आहे तो पळत नाही, असं जुनी माणसं सांगायची. ज्या घराची जोडी उभी राहिली नाही ते घर जोळातून उतरतं आणि त्याचं शेत दुसऱ्याकडे जातं.

माझी बायको बायजा कार्तिकात तापानं गेली. घरात मी आणि माझा मुलगा येसाजी.

येसाजी आदल्या जूनमध्ये मुंबईला बी. ए. झाला होता. गणित घेऊन. आमच्या आगरी लोकांत आसपासच्या गावांत तेवढा शिकलेला दुसरा कोणी नव्हता. पास झाल्यावर गावात पेढे वाटले, ते बायजानं वाटले. त्यानंतर सात-आठ महिने तो अर्ज लिहीत होता. मुंबईत पेढ्या बंद पडत होत्या, असलेले कारकून घरी बसवत होते. शेवटी खोलीचं भाडं परवडेना म्हणून तो गावी आला. आला त्याच आठवड्यात बांध फुटला.

वाटणीच्या दिवशी धर्माजी माझ्यापुढे थांबला. म्हणाला, "अंबाजी, तुझी काठी सोनूबाईच्या काठीला लागून. पन तुझी जोडी?"

येसाजी पुढे झाला.

"धर्माजीकाका, मी वाहतो."

"तू खन. बापाला वाहू दे."

"बाबांचा हात खणण्यात आहे. मला खणता येत नाही. डोक्यावर पाटी घेता येईल."

बाया हसल्या. बायांच्या रांगेत पुढे चालायची कृष्णाबाई. साठीची, पण पाय घट्ट. ती म्हणाली, "ये की रं बाबा. आमच्या रांगंत बी. ए. पास कोन न्हवतीच. चुंबळ घरून आनलीस का आमी दिऊ?"

त्यानं डोक्याचा रुमाल सोडला आणि चुंबळ करायला लागला. ती सुटली. पुन्हा केली. कृष्णाबाईनं ती हातातून ओढून घेतली, दोन वेढ्यांत वळली आणि त्याच्या डोक्यावर दाबून बसवली.

"मान ताठ. खाली बघशील तं पाटी तोंडावर येल. पायानं बघायचा, डोल्यानं न्हाय."

तो त्या रांगेत लागला. चोवीस वर्षांचा पुरुष, पुढे दहा बाया, मागे अकरा बाया. मी चिखलात कमरेएवढा उभा राहून फावड्यानं ढेप कापायची, दोन हातांनी उचलून त्याच्या पाटीत घालायची, तो वळायचा. पहिल्या दिवशी चार वेळा पाटी पडली. एकदा तोही पडला. पुरुषांच्या बाजूनं कोणी ओरडलं, "बाय, जपून!" आणि सगळी खाडी हसली. त्यानं उठून चिखल पुन्हा पाटीत भरला. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी खणत राहिलो.

चार दिवसांत त्याची मान सुजली. तळपाय कालवांच्या शिंपल्यांनी चिरले. खाऱ्या पाण्यात चीर भरत नाही, पांढरी पडून उघडीच राहते. संध्याकाळी तो पायांना गोडं तेल लावायचा आणि चिमणीच्या उजेडात अर्ज लिहायचा. भात मी शिजवायचो. आमटी दोघांनाही येत नव्हती. सुकट भाजून भाताबरोबर खायचो.

माघातल्या पहिल्या अष्टमीला भांग होती. भांगेला खाडीची भरती कमी असते, ओहोटीही सावकाश. त्या दोन दिवसांत आम्ही खांडीच्या दोन्ही अंगांनी तिवराच्या मेखा ठोकल्या, फांद्या विणल्या, तळाला पेंढा आणि चिखल भरला. मधला गाळा मोकळा ठेवला. तो पुढच्या भांगेला, वद्य अष्टमी-नवमीला, एकाच ओहोटीत बुजवायचा असं ठरलं. मधल्या पौर्णिमेचं उधाण तळ दाबून घट्ट करतं, ही आमच्याकडची रीत.

पौर्णिमेच्या दिवशी रेवदंड्याचा फकरुद्दीन मचवा घेऊन वर आला. तो आमच्याकडून पेंढा न्यायचा आणि रेवदंड्याच्या टपालातली आमच्या गावची पत्रं आणायचा. त्या दिवशी त्याच्याकडे येसाजीची दोन पत्रं होती. एक मराठी, एक इंग्रजी.

जेवताना येसाजीनं दोन्हींतला मजकूर सांगितला. तळा गावी इंग्रजीचे वर्ग निघत होते. तिथे मास्तरची जागा होती. कायमची. राहायला खोली. दुसरं पत्र सिंधचं. सक्करजवळ नदीला मोठं धरण झालं होतं, नवे कालवे सुटत होते, त्यांचं पाणी मोजायला गणित येणारी माणसं हवी होती. जागा हंगामी, सहा महिन्यांची. पुढे ठेवतील की नाही ते लिहिलं नव्हतं. दहा मार्चच्या आत हजर व्हायचं. न झाल्यास जागा दुसऱ्याला.

मी म्हणालो, "तळा बरं. कायमचं हाय. शनवारी येशील."

"हो."

"सिंधात आपला कोन हाय?"

"कोणी नाही."

"सहा म्हैन्यांनी हाकलला तं?"

"तर हाकलला." त्यानं भाताचा घास तसाच हातात धरला होता. "बाबा, तिथे पन्नास हजार एकराला एका दारातून पाणी जातं. ते दार किती उघडायचं ते गणितानं ठरवतात. आपल्याकडे बांधाच्या उघाडीचं, पाणी सोडायचं दार धर्माजीकाका पायानं ढकलतो. मला ते बघायचंय. मास्तर मी पन्नाशीतही होईन."

मी भाताचं मडकं त्याच्याकडे सरकवलं. तो म्हणाला, "पण दहा तारखेच्या आत पोचायचं तर नवमीच्या संध्याकाळी मचव्यातून निघायला हवं, मुंबईला तो भांगेलाच जातो. मुंबई, मग आगबोट, मग रेल्वे. आणि गाळा बुजवायचा तोही नवमीलाच. म्हणजे नाहीच जमत."

"पुढच्या भांगेला जा."

"पुढची भांग पंधरा तारखेच्या पुढे. मी पाहिलंय." त्यानं घास तोंडात घातला. "तळ्याला लिहितो मी."

मला बरं वाटलं. हे खोटं सांगून काय करू? मुलगा जवळ राहतोय, बांध बुजतोय, शेत राहतंय. मी रात्री नीट झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं तळ्याचं उत्तर लिहून मला दिलं. मला रेवदंड्याला मेखांसाठी दोरी आणायला जायचं होतं, तेव्हा टपालात टाकायला सांगितलं. मी बंडीच्या खिशात ठेवलं आणि निघालो.

रेवदंड्याला बंदरावर फकरुद्दीन मचव्याच्या तळाला चुना आणि तेल लावत होता. मला बघून म्हणाला, "आव, अंबाजी. पोराचं काय? सिंधला धाडतोस ना? टपालवाल्यानं लिफाफा बघून मला सांगितला, सरकारी हाय म्हनून."

"न्हाय. तळ्याला जातंय. मास्तर."

"तळ्याला?" त्यानं हात पुसला. "माझा रशीद बसऱ्याला गेला तवा त्याची मा पंधरा दिवस जेवली न्हाय. मी बी नको म्हनत होतो. ह्या मचव्यावर त्याला बसवायचा इरादा होता माझा. तो म्हनाला, अब्बा, मचवा तुमचा हाय, तुमीच चालवा."

"मंग?"

"मंग मी चालवतोय." तो हसला. "पोरगा तिकडं सुखी हाय का दुखी, अल्ला जाने. खत येतं. पन इथं मचव्यावर बसून रोज माझं तोंड बघत बसला असता, ते बरं झालं असतं का? तुझ्या पोरानं काय मागितलं?"

"त्यानं तळाच लिवलंय."

"लिवलंय ते मी इचारत न्हाय."

मी टपालापर्यंत गेलो. पेटी भिंतीत होती. पत्र खिशातून काढलं. घासासकट थांबलेला त्याचा हात मला दिसत होता. बायांच्या रांगेत त्यानं पाटी घेतली तेव्हा तो मला विचारायला थांबला नव्हता. मला सोपं जावं म्हणून त्यानं ते केलं होतं, आणि हे पत्रही त्याच कारणानं लिहिलं होतं. मी दोनदा सोपं करून घेतलं होतं. तिसऱ्यांदा नको, असं वाटलं.

मी परत बंदरावर गेलो आणि फकरुद्दीनला म्हणालो, "नवमीला मचव्यात एक जागा ठेव."

"सांजच्या भरतीला सुटतो मी. कोनासाठी थांबत न्हाय."

"थांबू नको."

घरी आल्यावर मी पत्र येसाजीपुढे ठेवलं. "टाकलं न्हाय. फकरुद्दीनला जागा सांगून आलोय."

त्यानं पत्र उलटून बघितलं. मग म्हणाला, "आणि गाळा? जोडी?"

"ते माझं काम."

"बाबा, जोळातून घर उतरलं तर शेत जाईल. मग तुम्ही काय करणार?"

"तू सिंधात सहा म्हैन्यांनी काय करनार ते तुला ठाव हाय? न्हाय ना? मंग मला कशाला इचारतोस?"

बोललो खरं, पण मला काही सुचत नव्हतं. चार दिवस मी घरोघरी फिरलो. ज्या घरात दोन बाया त्या घरी विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, बाई आपल्याच घराच्या काठीवर वाहते, दुसऱ्याच्या काठीवर ती कशी वाहील? धर्माजीकडे गेलो. तो म्हणाला, "मी रीत केली न्हाय, अंबाजी. मी निस्ती काठी धरतो."

सप्तमीला सकाळी मी माझ्या काठीवर मेखांना दोरी गुंडाळत होतो. शेजारच्या काठीवर सोनूबाई होती. तिचा नवरा दोन वर्षांमागे सर्प लागून गेला. मूल नव्हतं. तिच्या काठीवर तिचा दीर बाबाजी आपला गडी घरचा माणूस म्हणून उभा करायचा आणि त्या बदल्यात तिचं शेत स्वतः कसायचा. पीक त्याच्या घरात जायचं आणि ती त्याच्या ओट्यावर भात मागायला जायची.

ती दोरी ओढता ओढता म्हणाली, "अंबाजीदादा, तुमच्याकडं बाई न्हाय, माज्याकडं पुरुस न्हाय."

मी मान वर केली नाही.

"तुमी खना. मी वाहते. दोन घरांची एक जोडी."

"लोक काय म्हनतील ठाव हाय?"

"म्हनतील म्होतूर लावला." तिनं दोरीची गाठ दातानं आवळली. "मला न्हवरा नको, दादा. मला माजं शेत पायजे. दोन वर्सं मी माज्याच भातासाठी पदर पसरते."

बायजाला जाऊन चार महिने झाले होते. तिच्या जागी दुसरी बाई पाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहणार, मी तिच्या पाटीत ढेप ठेवणार आणि बावीस घरं बघणार. मला ते नको होतं. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

"उद्या अष्टमी. परवा गाळा. सांगायचं ते आता सांगा."

बांधावरून येसाजी येताना दिसत होता. डोक्याला चुंबळ, हातात पाटी. लांबून ओळखू येत नव्हता, बाईच वाटत होता.

"बरं," मी म्हणालो.

नवमीला सकाळी ओहोटी लागली तेव्हा सगळी घरं बांधावर होती. धर्माजीनं गाळ्याच्या तोंडाशी मोजकाठी रोवली. येसाजी माझ्यामागे उभा होता. त्याला मी घरूनच स्वच्छ धोतर आणि कोट घालून आणलं होतं. ट्रंक बांधावर ठेवली होती.

धर्माजी एकेका घराचं नाव घेत गेला. माझ्यापाशी आला.

"अंबाजी. जोडी?"

"मी आनि सोनूबाई."

बायांनी पाट्या खाली ठेवल्या. मग बाबाजी पुढे आला. "हे काय नाटक? माझी भावजय माज्या घरची हाय. तिच्या काठीला माजा गडी हाय."

सोनूबाई म्हणाली, "भावजी, तुमचा गडी तुमच्या काठीला ठेवा."

"आनि रातच्याला कुठं जाशील? ह्याच्याकडं?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी तरी फिसकन हसलं. मी फावडं सोडलं नाही. येसाजी काही बोलायला पुढे झाला, त्याला मी हातानं मागे सारलं.

कृष्णाबाई म्हणाली, "बाबाजी, तू बांद बुजवायला आयलास का लगीन लावायला? ढेपंवर काय नाव लिवलेलं आसतं का, कोनाची बायको कोनाची भन? पानी वर चढलं का तुजं बी शेत बुडंल."

धर्माजीनं बराच वेळ काठीकडे बघितलं. मग म्हणाला, "रीत अशी हाय, जोडी पायजे. कोनाची कोनाशी ते रितीत न्हाय. पन घरं दोन, तवा काठ्या दोन. जोडी एक. ह्या ओहोटीत दोनी काठ्या भरल्या तं दोनी घरं जोळात. एक जरी उनी ऱ्हायली तं दोनी उतरली. कबूल?"

"कबूल," सोनूबाई म्हणाली.

"अंबाजी?"

"कबूल."

बाबाजी म्हणाला, "एका जोडीनं दोन काठ्या! बारा हात! बघू तं."

आम्ही उतरलो. पाणी गुडघ्याच्या खाली गेलं होतं. मी फावडं घातलं. पहिली ढेप तिच्या पाटीत ठेवताना माझा हात अडला, तेवढा एकदाच. ती वळली आणि गेली. सोनूबाई बायजासारखी चालत नव्हती. बायजा भरभर जायची आणि परत येताना रमायची. ही जाताना आणि येताना एकाच चालीनं चालायची. मी तिच्या चालीला धरून कापायला लागलो. ती येईपर्यंत दोन ढेपा तयार. येसाजीपेक्षा ती दुप्पट वाहत होती.

दुपार झाली. पाणी पार खाली गेलं. बाकीच्या घरांची काठी अर्ध्यावर आली होती. आमची एक अर्ध्यावर आणि दुसरी नुसती पेंढ्यावर. माझ्या खांद्यात कळ यायला लागली. हाताला फावड्याचा दांडा चिकटला होता, सोडला तर पुन्हा धरवणार नाही असं वाटत होतं.

येसाजी बांधावर कोटात उभा होता. शेजारच्या काठीवरून कोणी म्हणालं, "सायेब, सावलीत बसा, कोट मळंल." एकदा त्यानं कोट काढून ट्रंकेवर टाकला, धोतर वर खोचलं आणि खाली उतरायला लागला. धर्माजीनं काठी आडवी धरली.

"पोरा, हाक झाली. हाकंला जो उभा तोच. तू उतरलास तं तिसरा मानूस झाला, मंग जोडी मोडली."

"काका, दोन काठ्या आहेत!"

"मला बी दिसतात."

येसाजी तिथूनच मला म्हणाला, "बाबा, मी जात नाही. दोन घरांचं शेत जाईल. माझ्यामुळे. मी इथे थांबतो."

मी फावडं चिखलात रोवलं आणि त्यावर टेकून उभा राहिलो. त्या दिवशी तेवढाच विसावा घेतला.

"थांबून काय करशील? हात लावता येत न्हाय तुला. बघत बसशील. आमी भरला तं तू उगीच थांबलास, न्हाय भरला तं शेत बी गेलं आनि मचवा बी गेला. सोनूबाईनं दिराशी वैर कशासाठी घेतलं? तू बांदावर बसावास म्हनून?"

सोनूबाई पाटी रिकामी करून आली होती. ती म्हणाली, "जा रं दादा. तू समोर उभा असलास का तुजा बापूस तुज्याकडं बघतो आनि ढेपा ल्हान कापतो."

बाया हसल्या. या वेळी येसाजीही हसला, पण तोंड पुसत. त्यानं कोट घातला. ट्रंक खांद्यावर घेतली, मग थांबून ती डोक्यावर ठेवली. तीन आठवड्यांत त्याला तसंच सोपं जायला लागलं होतं.

"पत्र लिहीन," तो म्हणाला.

"मराठीत लिही."

"बाबा, तिथे काय असेल ते मला माहीत नाही."

"ठाव असतं तं कोनीबी गेला असता. चल, पानी फिरायला लागलं."

तो बांधावरून रेवदंड्याच्या अंगाला निघाला. तो किती लांब गेला ते मी बघितलं नाही, कारण खरंच पाणी फिरलं होतं. फांद्यांच्या खालून बारीक धार आत यायला लागली होती.

त्यानंतरचं मला सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की पहिली काठी भरली तेव्हा पाणी पोटरीला होतं. दुसरीचे तीन हात राहिले तेव्हा मांडीला. बाकीची घरं भरून झाली होती, ती आपापल्या काठीवर उभी राहून पायांनी चिखल चेपत होती. हात कोणी लावत नव्हतं. सोनूबाईच्या मानेवरून घामाबरोबर चिखल ओघळत होता. तिचा श्वास मला लांबून ऐकू येत होता. एकदा ती पाटीसकट गुडघ्यांवर बसली. मी ढेप हातात धरून थांबलो. तिनं पाटी डोक्यावरून पडू दिली नव्हती. तशीच उठली.

"ठेवा की," ती म्हणाली. "बघताय काय?"

आमची दुसरी काठी बाबाजीच्या काठीला लागून होती. मधल्या सांध्यात पाणी घुसलं आणि बाबाजीच्या बाजूचा चिखल सुटायला लागला. तो वरून ओरडला, "अरं, हिकडं टाका, हिकडं! माजा बांद चालला!"

"आमचा चालला तं तुमचा चालनारच, भावजी," सोनूबाई म्हणाली आणि पाटी दुसऱ्या टोकाला रिकामी करून आली.

बाबाजीनं धर्माजीकडे बघितलं. धर्माजी खाडीकडे बघत होता. बाबाजीनं आपल्या काठीवरची एक मोठी ढेप टाचेनं सांध्यात लोटली, मग दुसरी. वर म्हणाला, "माज्या काठीसाठी लोटतोय मी. कोनी भलतं समजू नका."

कृष्णाबाई म्हणाली, "कोन समजतंय?"

शेवटच्या सहा ढेपा मी पाण्याखालून कापल्या. फावडं दिसत नव्हतं, अंदाजानं घालत होतो. धर्माजी आला. त्यानं मोजकाठी आमच्या बांधावर आडवी टाकली, एकदा आणि पुन्हा एकदा. वाकून दोन्ही टोकं हातानं चाचपली. मग काठी उचलून खांद्यावर घेतली आणि पुढच्या काठीवर गेला. बोलला काही नाही. उणी असती तर बोलला असता.

दिवस कलला. भरती बांधाला लागली. ओला चिखल पाण्याच्या दाबानं थरथरतो, वरून पाय ठेवला की कळतं. रात्रीची ओहोटी लागेपर्यंत घरी जायचं नव्हतं, आपापल्या काठीवर उभं राहून चेपत राहायचं होतं. आम्ही दोघं आमच्या बारा हातांवर दोन टोकांना उभे होतो. पलीकडे पाणी आमच्या पायांपर्यंत आलं होतं, अलीकडे शेत खाली कोरडं पडत होतं. भांगेची भरती होती म्हणून बांध धरून होता. खरी पारख सहा दिवसांनी, अमावास्येच्या उधाणाला. तोवर रोज माती.

रेवदंड्याच्या अंगाला आभाळ तांबडं होतं. इथून बंदर दिसत नाही.

सोनूबाई म्हणाली, "मचवा सुटला आसंल."

"सुटला आसंल."

"गावला आसंल ना त्याला?"

"दुपारीच निघाला. गावला आसंल."

"परत कवा येल?"

"ठाव न्हाय."

ती थोडा वेळ चेपत राहिली. मग खाली वाकून बांधाच्या कडेला हात लावला आणि म्हणाली, "इथं झिरपतंय. हिकडं या, पाय लावा."

मी तिकडे गेलो आणि पाय लावला.